चारशे बारा संगणक आणि एक किटली

मी जन्मात खोटी सही केलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. शाळेत असताना ताईने तिच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही करायला मला गळ घातली होती, कारण माझं अक्षर त्यांच्यासारखं होतं. मी सरळ वडिलांकडे जाऊन विचारलं, की करू का? ताई ते अजून विसरलेली नाही आणि मलाही विसरू देत नाही.

आता त्याच ताईच्या शेडमध्ये मी तपासनीस आहे. मोठमोठी ऑफिसं दर चार वर्षांनी संगणक बदलतात. जुने आमच्याकडे येतात. आम्ही ते पुसतो, तपासतो, आणि जे चालतात ते खोक्यांत भरून समुद्रापलीकडच्या एका देशात शाळांसाठी पाठवतो. जे चालत नाहीत ते इथल्याच मोडणी केंद्रात जातात. तिथे त्यांचं तांबं, प्लास्टिक, काच सगळं वेगवेगळं होतं. चालतो की चालत नाही, हे मी ठरवतो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मला ‘मीटरराव’ म्हणतात, कारण माझ्या खिशात कायम वीज मोजायचा मीटर असतो. म्हणोत बापडे.

वापरलेलं विजेचं सामान परदेशी पाठवायचं तर त्याला आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मला ते पाठ आहेत, आणि माझ्यामुळे घरातल्या सगळ्यांना पाठ झाले आहेत. मुद्दा अगदी सोपा आहे. तुम्ही पाठवताय ती वस्तू आहे की कचरा, हे तुम्ही सिद्ध करायचं. प्रत्येक नग तपासलेला हवा, तो चालतो असं त्याच्यावर लेबल हवं, यादीत त्याची नोंद हवी, आणि वाटेत फुटणार नाही असं पॅकिंग हवं. यातलं एक जरी नसलं तरी तो कचरा. आणि कचरा म्हटला की माल निघतो तो देश, वाटेत लागतात ते देश आणि पोचतो तो देश, सगळ्यांची आगाऊ लेखी परवानगी लागते. ती मिळेपर्यंत शाळेतली मुलं बाप्ये होतात.

आमचं काम एका लांबलचक टेबलावर चालतं. उजव्या टोकाने माल येतो. मधे मी बसतो. माझ्या डाव्या हाताला मावशी लेबलं लिहिते. ती आमची सख्खी मावशी, वय चौऱ्याहत्तर, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. कोणता नग, कधी तपासला, काय आढळलं, हे ती लिहिते आणि खाली सही मी करतो. लेबल छापून घ्यावं असं ताईने एकदा सुचवलं होतं. मावशीने दोन दिवस तिच्याशी अबोला धरला.

टेबलाच्या डाव्या टोकाला जे ठेवलं जाईल ते भाऊजी उचलतात, तीन पदरी गुंडाळतात आणि खोक्यात घालतात. विचारत नाहीत, बघत नाहीत. एका कानाला फोन, दोन हातांना बबलचं प्लास्टिक. एकदा त्यांनी माझा जेवणाचा डबा गुंडाळला होता. मी ओरडलो तर म्हणाले, “डावीकडे आलं की माझं. लेबल बघणं माझ्या कामात बसत नाही.” त्या दिवसापासून डावीकडे लेबल नसलेलं काही ठेवायचं नाही, असा नियम मीच केला. पाटी लावली. पाटीखाली सहीही केली.

आता किटली. मावशीची विजेची किटली टेबलाच्या मधोमध, माझ्या मीटरच्या शेजारी असायची. एके काळी पांढरी असावी. ती चालवायची एक पद्धत होती. किटलीखालच्या बैठकीच्या डाव्या पायाखाली चार घड्या घातलेला पुठ्ठा सारायचा, झाकणावर दोन चापट्या मारायच्या, मग किटली हलकेच फिरवून बसवायची. एवढं केलं की दिवा लागायचा. हे फक्त मावशीला जमायचं. सहा वर्षं मी तिला सांगत होतो, की दोन मिनिटं दे, उघडून बघतो. सहा वर्षं ती म्हणत होती, “चालतेय ना? मग हात लावायचा नाही.” चारशे संगणकांच्या चाचण्या करणाऱ्या माणसाच्या नाकासमोर ही बिघडलेली किटली दिवसातून पाच वेळा उकळत असे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या सोमवारी कंटेनर भरायचा शेवटचा दिवस होता. चारशे बारावा संगणक माझ्यासमोर, आणि किटलीची वाफ सरळ त्याच्या पडद्यावर. मावशी कप विसळायला गेली होती. माझं डोकं फिरलं. मी प्लग उपटला, उरलेलं पाणी ओतून टाकलं, किटली बैठक-पुठ्ठ्यासकट उचलली आणि टेबलाच्या डाव्या टोकाला आदळली. पाटीच्या बरोब्बर खाली. मग यादी छापायला ऑफिसात गेलो.

परत आलो तेव्हा भाऊजी एकोणचाळिसाव्या खोक्याला चिकटपट्टी लावत होते आणि मावशी हातात कप घेऊन टेबलाकडे बघत उभी होती.

“किटली कुठे गेली रे?” तिने विचारलं.

मी टेबलाच्या डाव्या टोकाकडे बघितलं. तिथे पुठ्ठ्याची घडी पडली होती. मला तेव्हाच कळलं. पण शेवटचं खोकं बंद होत होतं, ट्रकवाला बाहेर भोंगा वाजवत होता, आणि एकोणचाळीस खोकी पुन्हा उघडायची म्हणजे गुरुवारचं जहाज चुकलं असतं. मी म्हटलं, “मला काय माहीत?” सही नव्हती केली ना, तोंडानेच बोललो होतो. मनाची अशी समजूत घातली आणि पुठ्ठा खिशात टाकला.

मावशीने शेड पालथी घातली. मग घर. महिन्यापूर्वी तिचा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला होता. ते सगळ्यांना आठवलं. ताई वाईट नाही, पण तिला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई असते. रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, “मावशी, हा कंटेनर पोचला की तू आता घरी आराम कर बघू. लेबलं छापून घेऊ. खूप केलंस.” मावशीने वाद घातला नाही. जिने छापील लेबलांवरून दोन दिवस अबोला धरला होता ती म्हणाली, “खरंच गं. कुठे ठेवली ते मला आठवतच नाही.” मी ताटातून मान वर केली नाही. कंटेनर एकदा समुद्रात गेला की मावशीला नवी किटली घेऊन देऊ, मग हळूच ताईला समजावू, असा माझा बेत होता. भित्र्या माणसाचे बेत नेहमी ‘एकदा हे झालं की’ने सुरू होतात.

गुरुवारी सकाळी बंदरावरून फोन आला. कंटेनर थांबवला होता. तपासनीस आणि लेबल लिहिणारी व्यक्ती, दोघांनी हजर व्हावं. जहाज चारला सुटणार.

आम्ही चौघंही गेलो. तपासणीच्या खोलीत एक लोखंडी टेबल होतं, भिंतीवर प्लग, आणि टेबलावर एकच वस्तू. तीन पदरी बबलमधून अर्धवट बाहेर डोकावणारी मावशीची किटली. मावशीने हात छातीवर ठेवला. “अगं बाई, ही इथे कशी?” माहेरचं माणूस भेटावं तशी ती किटलीकडे बघत होती.

टेबलापलीकडे अधिकारी बाई बसल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. समोर नियमांचं जाडजूड पुस्तक, त्यात रंगीत कागदांच्या खुणा. माझ्या पुस्तकात आहेत तशाच. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला ही बाई फार आवडली असती.

“खोकं क्रमांक सदतीस,” त्या म्हणाल्या. “यादीप्रमाणे बावीस कीबोर्ड. आत बावीस कीबोर्ड आणि हे. हे काय आहे?”

“किटली,” भाऊजी म्हणाले.

“ते दिसतंय. वापरलेलं विजेचं उपकरण. लेबल नाही, चाचणी नाही, यादीत नाही. म्हणजे काय झालं?”

“कचरा,” मी म्हणालो. जीभ आवरलीच नाही. उत्तर येत असलं की मला गप्प बसता येत नाही.

“बरोबर. आणि कचऱ्याची परवानगी?”

“नाही,” मी म्हणालो. ताईने माझ्या पायावर पाय दिला.

“चहाची किटली आहे हो मॅडम,” ताई म्हणाली. “चुकून गेली. काढून घेतो आणि घरी नेतो. कंटेनर सोडा.”

“तशी काढता येत नाही. एक नग बिनचाचणीचा निघाला, की बाकीच्या चारशे बाराच्या चाचण्या खऱ्या कशावरून? मला संशय नोंदवावा लागेल. मग सगळा माल खाली उतरवून एकेक तपासायचा. दोन-तीन महिने तरी.” त्यांनी पान उलटलं. “एक मार्ग आहे. जहाज सुटायच्या आत याची इथेच चाचणी करा. चालत असेल तर तो वापरलेला माल. यादीत जोडू, लेबल लावू. नसेल चालत तर कचरा.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मीटर काढला. वायर ठीक, प्लग ठीक, शॉक बसायची भीती नाही. किटलीत पाणी घातलं, बैठकीवर ठेवली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दिवा लागेना. मला ठाऊकच होतं लागणार नाही ते.

“सरक बाजूला,” मावशी म्हणाली. तिने इकडेतिकडे बघितलं. “पुठ्ठा हवा.”

माझ्या खिशात होता. मी काढून दिला. तिने तो घेतला, क्षणभर त्याच्या घडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुठ्ठा सारला, झाकणावर दोन चापट्या, एक हलकासा वळसा, आणि दिवा लागला. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. कोणी साथ दिली नाही म्हणून थांबले.

पाणी उकळलं. अधिकारी बाईंनी वाफ उतरेपर्यंत वाट बघितली, उरलेलं पाणी ओतून नवं गार पाणी घातलं, पुठ्ठा काढला आणि स्वतः बटण दाबलं. दिवा लागेना.

“ही चालत नाही,” त्या म्हणाल्या.

“असं कसं? आत्ता चालली की!” मावशी म्हणाली. “तुम्ही चापट्या नाही मारल्या.”

“आजी, चालते म्हणजे घेणाऱ्याच्या हातात चालली पाहिजे. तुमच्या हातात नाही. या किटलीबरोबर तुम्ही जाणार आहात का?”

मावशीने यावर खरोखरच विचार केला. “किती दिवसांचा प्रवास आहे?” तिने विचारलं.

मी गळा साफ केला. “मॅडम, माल रवाना व्हायच्या आत दुरुस्ती केली तर नियमाची हरकत नाही. जहाज अजून सुटलेलं नाही.”

त्यांनी खूण लावलेलं पान काढलं, वाचलं, मान हलवली. “हरकत नाही. तीन वाजताहेत.”

मी मावशीकडे बघितलं. सहा वर्षं ज्या वाक्याची वाट बघत होतो ते ती म्हणाली. “कर बाबा काय करायचंय ते.” पण मला त्यात काडीचा आनंद वाटला नाही.

प्लग काढला आणि बैठक उलटी करून चार स्क्रू काढले. आत पितळेची एक पट्टी वाकली होती. बस, एवढंच. चिमट्याने सरळ केली, काळं झालेलं टोक घासलं, स्क्रू लावले. सात मिनिटं लागली. अधिकारी बाईंनी किटली पाणी भरून बैठकीवर नुसती ठेवली, बटण दाबलं, आणि दिवा लागला. मग त्यांनी ती उचलून परत ठेवली. लागला. भाऊजींना ठेवायला सांगितली. लागला. भाऊजींच्या हातून जी चालते ती जगात कुठेही चालेल, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

मावशी बाजूला उभी राहून बघत होती. आता ही किटली कुणालाही चालवता येत होती.

“आता हा फॉर्म,” अधिकारी बाई म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “यादीबाहेरची वस्तू आत कशी गेली, आणि कोणाच्या हातून. खाली तपासनिसाची सही.”

मी लिहिलं, ‘अनवधानाने’.

“कोणाच्या?” त्यांनी विचारलं.

भाऊजी छताकडे बघू लागले. ताईने घड्याळाकडे बघितलं, तीन बावीस. आणि मावशी पुढे झाली. “माझ्याच,” ती म्हणाली. “लिही रे, म्हातारीच्या विसरभोळेपणामुळे. मीच ठेवली असणार तिकडे. हल्ली माझं काही खरं नाही हो मॅडम. नाहीतरी आता मी घरीच बसणार आहे.”

तिने पुठ्ठा बघितला होता. माझ्याकडेही बघितलं होतं. तरी ती हे म्हणत होती. तिला अंदाज आला होता आणि ती मला वाचवत होती, की तिला खरंच स्वतःची खात्री राहिली नव्हती, ते मला कळेना. आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी मी नालायकच ठरत होतो.

“लिही ना,” ताई म्हणाली. “जहाज सुटेल.”

मी पेन टेकवलं. ताईच्या शिव्यांची भीती होती, भाऊजी जन्मभर चिडवतील याची होती, आणि या बाईसमोर माझी तपासनीस म्हणून अब्रू जाणार होती. पण त्या कागदावर खाली माझी सही असणार होती. मी रकान्यात माझं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: ‘किटलीच्या वाफेचा राग येऊन मी ती स्वतः टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवली. तिथे ठेवलेली वस्तू खोक्यात जाते हे मला माहीत होतं. ती खोक्यात गेल्याचं मला सोमवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही.’ आणि सही केली.

अधिकारी बाईंनी ते मोठ्याने वाचलं. शब्दन् शब्द. तसा नियमच आहे.

“मीटररावांनी?” भाऊजी म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता. “पाटीखाली? स्वतःच्या पाटीखाली?”

ताईच्या शिव्या नंतर येणार होत्या, त्या आल्याही.

मावशी खुर्चीवर बसली. “म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “माझं डोकं ठीक आहे?”

“ठीक आहे मावशी.”

“तीन दिवस मी घरातल्या एकेका वस्तूचं नाव मनात घेऊन बघतेय. हे ताट, ही खिडकी, हा साबण. एखादं अडतंय का म्हणून. एकसुद्धा अडलं नाही. तरी मला वाटलं, आता सुरू झालं.” तिने डोळे पुसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली. “तू माझ्याशेजारी बसून जेवत होतास रे.”

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. “चुकलं माझं,” मी म्हणालो. एवढंच सुचलं.

अधिकारी बाईंनी शिक्का मारला. “यापुढच्या तीन कंटेनरांमध्ये तुमचं प्रत्येक खोकं उघडून बघितलं जाईल,” त्या मला म्हणाल्या. “आणि नग क्रमांक चारशे तेराचं लेबल राहिलंय.”

“म्हणजे किटली परत मिळणार नाही?” ताईने विचारलं.

“यादीत आली. यादीतला नग माघारी घेतला तर यादी चुकीची ठरते. मग मला संशय—”

“जाऊ दे तिला,” मावशी म्हणाली. “सरळ झालेय, आता कुणीही वापरेल.” तिने पिशवीतून लेबलांची वही काढली. पेन झटकलं. मोत्याच्या दाण्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘विजेची किटली, एक नग. वापरलेली. तपासली. चालते.’ मी सही केली. ते लेबल तिने स्वतः किटलीच्या पोटावर चिकटवलं, कडा अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या. मग परत वहीत काहीतरी लिहीत बसली. भाऊजींनी किटली गुंडाळायला घेतली. या वेळी फोन खिशात होता.

कंटेनर तीन पन्नासला आत गेला. परत आल्यावर गाडीतून उतरताना मावशीने माझ्या पाठीवर एक थाप मारली. जोरात होती. मी ती शिक्षा समजून घेतली आणि बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी किटली घेऊन शेडमध्ये आलो. मावशी नेहमीच्या जागी नेहमीसारखी बसली होती, समोर लेबलांची वही. छापील लेबलांचं ताईने पुन्हा नाव काढलं नव्हतं.

“चहा आजपासून तू करायचा,” ती म्हणाली. “आणि तो कालचा शर्ट धुवायला टाकण्याआधी बघ जरा.”

संध्याकाळी घरी गेलो, तर शर्ट खुंटीवर टांगलेला होता. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक लेबल. मी ते मिरवत काल पूर्ण संध्याकाळ हिंडलो होतो. दुकानात, शेजाऱ्यांकडे, सगळीकडे. लेबलावर तेच मोत्याचे दाणे होते: ‘भाचा, एक नग. वापरलेला. तपासला. दुरुस्तीनंतर चालतो.’

आणि खाली, जिथे अकरा वर्षं माझी सही असते, तिथे मावशीची होती.